खडक लागेपर्यंत

वाटणीच्या दिवशी महिपतीनं चेहरा असा केला होता, की एखाद्याला वाटावं हा आता घरदार सोडून हिमालयातच निघालाय.

"मागचं परस म्हंजे नुसता खडक हाय, पाटील," तो पंचांना सांगत होता. "पहार घातली तर ठिणग्या उडतील. धाकट्याच्या गळ्यात तसलं कशाला बांधायचं? मीच घेतो. बदल्यात ती म्हस तेवढी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

त्याचा हा त्याग बघून पंचांचे डोळे भरून आले. तिघेही त्याच्याच घरचा गुळाचा चहा पीत होते, मग येणारच. कागद झाला : 'पाठीमागची खडकाळ पडीक जागा व म्हैस महिपतीकडे.' धाकट्या हौशीरामाला पुढचं अंगण आणि शेळ्या बांधायची जागा. हौशीरामाला कुणी देवळाची घंटा दिली असती, तरी "बरं" म्हणून तो गळ्यात बांधून आला असता. त्यानं मुकाट अंगठा उठवला.

त्याची बायको झुंबरबाई दाराआड उभी होती. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

खडक? होता की! दहा वर्षांमागं ती लग्न होऊन आंदर मावळातल्या या गावात आली, तेव्हा कामशेतावरून विजेची गाडी धावत नव्हती आणि या परसात गवताची काडी उगवत नव्हती. दर उन्हाळ्यात तळं आटलं की तिनं डोक्यावरून गाळ वाहिला. हौशीराम भाताची गाडी घेऊन कामशेतला गेला, की गिरणीबाहेर पडलेलं तूस पोतं भरून आणायला लावलं. शेण, गोठ्यातलं मूत, ऐनाचा पाला, चुलीची राख, सगळं खड्ड्यात कुजवून घातलं. महिपतीची बायको रतनबाई तेव्हा पदर तोंडाला लावून खिदळायची, "आमची जाऊबाई माती शिजवतीया गं!" आणि त्याच मातीतल्या वांग्याचं भरीत असलं, की दोन भाकरी जास्त हाणायची.

आता ती माती काळीभोर झाली होती. मुठीत दाबली की गोळा व्हायचा, बोट लावलं की फुटायचा. गांडुळं तर सरकारी कामगारांपेक्षा कितीतरी जास्त राबायची. या घरात झुंबरबाईचं म्हणावं असं तेवढंच होतं. गळ्यातली पोतसुद्धा सासूची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पदर खोचला, कुदळ घेतली आणि परसातली माती पाटीत भरभरून पुढच्या अंगणात ओतायला सुरुवात केली.

"अगं ए! डोस्कं फिरलं का?" महिपती धोतर सावरत धावला. "परस माझं हाय!"

थोरल्या दिरासमोर मान खाली घालून बोलायची रीत होती. झुंबरबाईनं मान खालीच ठेवली. कुदळ मात्र चालूच.

"व्हय की भावजी, मी कुटं न्हाई म्हनते? तुमच्या खडकावर माझी माती पडलीया. तेवढी उचलतीया."

महिपतीनं पाटलाला बोलावलं. रखमाजी पाटील आला, मागून उरलेले पंच आले, आणि फुकटचा तमाशा म्हणून अर्धा गाव आला.

"पाटील, जमीन ज्याची त्याचीच माती!" महिपती ओरडला.

"कागद वाचा, पाटील," झुंबरबाई म्हणाली.

पाटलानं कागद वाचला. मग खड्ड्यात वाकून बघितलं. काळी माती गुडघाभर खोल होती. "महिप्या, तू तर खडक म्हनला व्हतास."

"म्हनलो खरं, पर..."

"मग ही कुटनं आली? आधीचीच असंल तर तू आमास्नी फशिवलंस, म्हस माघारी दे. तिनं आनली असंल तर तिची तिला नेऊ दे. बोल."

महिपतीनं परसाकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं.

"खडकच हाय," तो कसाबसा म्हणाला.

"मग खडक लागंपातूर खणू दे तिला," पाटील म्हणाला, आणि गाव पोट धरून हसला.

आठ दिवस नवराबायको माती वाहत होती. नवव्या दिवशी कुदळ ठणकन मुरमाच्या खडकावर आपटली. झुंबरबाईला आनंद झाला. खोटं कशाला बोला, पोटभर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो रतनबाई तळ्याकडून येत होती. डोक्यावर पाटी, तोंड लालबुंद, पाय लटपटत. तिनं पाटी उघड्या मुरमावर ओतली आणि तिथंच धापा टाकत उभी राहिली.

झुंबरबाई हसायलाच आली होती. पण पाटीतून पडलं ते बघून तिला राहवेना. "अगं भवाने, ही वाळू हाय! अलीकडच्या काठाची आनलीस व्हय?"

"मला काय ठावं?" रतनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दहा वर्सं तू वाहत व्हतीस. मी नुसती खात व्हते."

झुंबरबाईच्या तोंडात चार सणसणीत शिव्या तयार होत्या, त्या तिनं गिळल्या. अंगणात गेली, आपल्या मातीची एक पाटी भरली आणि आणून मुरमावर उपडी केली.

"विरजन हाय हे," ती म्हणाली. "यात गाळ घाल, शेण घाल, पाला घाल. वरनं झाकून ठेव. उनानं सुकू दिऊ नगंस."

"किती दिस लागतील?"

"दहा वर्सं."

रतनबाई मटकन खाली बसली.

"बसतीस काय? ऊठ," झुंबरबाईनं तिच्या हातात पाटी कोंबली. "पाऊस लागायच्या आत पन्नास खेपा व्हायला पायजेत. चल, काठ दावते."