स्टँड काढलेल्या शेगडीची कैफियत

मित्रांनो, गॅलरीत तीन कुंड्यांखाली दबलेली ही गंजकी शेगडी मीच. नऊ वर्षं मी या घराचा स्वयंपाक केला. इथे मी नादुरुस्त म्हणून आले नाही, मला दोषी ठरवून आणलं गेलं.

कारखान्यात माझ्या पत्र्याला आकार मिळाला आणि पितळेचे दोन बर्नर बसले, एक मोठा, एक लहान. दोन्हींवर भांडी ठेवायला लोखंडी स्टँड होती. या घरातल्या थोरल्या सुनेने मला दुकानातून पारखून आणलं. ती लहान भांडं लहान बर्नरवर ठेवायची, बर्नरची भोकं पिनेने मोकळी करायची. माझी ज्योत निळीशार असे आणि शेजारणी माझं कौतुक करत. मला वाटायचं, हिच्याइतकं मला कोणी जपणार नाही.

मग थोरलीने ऑफिसांसाठी डबे सुरू केले. भलंमोठं पातेलं आलं, पण ते लवकर उकळेना. तेव्हा तिने डोकं लढवलं. ज्योत जवळ आली की लवकर शिजेल म्हणून तिने मोठ्या बर्नरवरचं स्टँडच काढलं आणि पातेलं थेट बर्नरवर टेकवलं. माझा श्वास कोंडला. हवा मिळेना तशी ज्योत पिवळी पडली आणि पातेल्याखालून बाहेर लवलवू लागली. पातेल्याचं बूड काजळलं, घरातल्यांचे डोळे चुरचुरले. माझ्यापरीने मी आणखी कसं सांगणार?

धाकट्या जावेला मात्र ते कळलं. ती म्हणाली, "ताई, स्टँड काढू नका, जाळ बाहेर येतोय." थोरली म्हणाली, "बरं बाई, नाही काढणार." आणि धाकटीची पाठ वळली की काढायचीच.

एके सकाळी डबे भरता भरता थोरलीने बाहेरूनच धाकटीला गॅस बंद करायला सांगितलं. धाकटी घाईत बटणाकडे वाकली आणि जाळाने तिची बाही पकडली. थोरली धावत आली. आधी गॅस बंद केला, मग धाकटीचा हात नळाखाली धरला. रडलीही ती, ते खोटं नव्हतं. पण धाकटीला दवाखान्यात नेण्यासाठी बाहेर काढलं, तशी थोरली परत आली, फडक्याने पातेलं उचललं, स्टँड माझ्यावर बसवलं आणि पातेलं पुन्हा वर ठेवलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना सांगितलं की शेगडीच खराब झाली, शिवाय धाकटीची बाही सैल होती. हाताला पट्टी बांधलेली धाकटी खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकलं, बघून वाकायला हवं होतं." ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. काजळी पाहून त्याने विचारलं, "भांडं स्टँडवरच ठेवता ना?"

"नाहीतर कुठे ठेवणार?" थोरली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

शेगडी चांगली आहे, पातेलंच फार रुंद आहे, असं तो म्हणाला. तरी मला काढलंच.

याला सहा महिने झाले. आज सकाळी गॅलरीतून मला दिसलं, धाकटी नव्या शेगडीपाशी आली आणि थबकली. पातेलं थेट बर्नरवर होतं, ज्योत पिवळी होती आणि स्टँड ओट्यावर बाजूला पडलं होतं. तिने लांबूनच सिलिंडरचा गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली आणि स्टँड हातात घेतलं.

"ताई, त्या दिवशीही हे काढलं होतं?"

थोरली कणीक मळत राहिली. "कळलं मला, जाऊबाई," म्हणत धाकटीने स्टँड तिच्यापुढे ठेवलं.

मित्रांनो, बर्नरला शोभेल एवढंच भांडं घ्या, ते स्टँडवर ठेवा, ज्योत पिवळी दिसली तर गॅस बंद करून मोठ्या माणसांना सांगा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी कबूल करा. भाजलेला हात बरा झाला, पण धाकटीने आजपासून थोरलीला ताई म्हणणं सोडलं आहे.