त्याचा गोल शेगडीकडे

सातव्या खेपेलाही कॉलिन हॉकडे टॅमसिनच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि खिडकीबाहेरच्या कॅमेऱ्याला त्याची रुंद पाठ तेवढी दिसली.

“कट,” दिग्दर्शिका म्हणाली. ईमोजेन तिचं नाव, वय एकतीस. ती आवाज चढवत नसे, त्यामुळे तिचा वैताग जास्तच कळायचा. “मिस्टर हॉकडे, तुम्ही तिला पुन्हा झाकलंत.”

“मी? मी जागचा हललोसुद्धा नाही.”

“चार पावलं हललात.”

“आणि माझा स्वेटर सोडता का आता?” टॅमसिन म्हणाली.

कॉलिननं खाली पाहिलं. त्याच्या डाव्या मुठीत तिच्या स्वेटरचं टोक होतं. “अरेच्चा. हे कधी आलं हातात?”

टॅमसिन हसली. ईमोजेन हसली नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसले होते. कॉलिनचा खुब्याचा सांधा बदलून चारच महिने झाले होते आणि शूटिंगच्या वेळी फिजिओथेरपिस्ट हजर हवा, अशी विमा कंपनीची अट होती. त्यानं माझं नाव सुचवलं. चौऱ्याऐंशी सालापासून आठ वर्षं मी त्याच्या फुटबॉल क्लबात तेच काम करत होते. त्याच्या घोट्यांची मला जेवढी माहिती आहे तेवढी त्याच्या दोन्ही बायकांना मिळून नसेल.

त्या काळी सामन्याच्या सुरुवातीच्या पहिल्या आडदांड धडकेला रेफरी सहसा नुसती शिट्टी वाजवत; कार्ड काढत नसत. बचावफळीतला कॉलिन ही सवलत दर शनिवारी न चुकता वापरायचा. एकदा ती वापरताना समोरच्या संघातल्या नील स्वॅफिल्ड नावाच्या वीस वर्षांच्या आघाडीच्या खेळाडूची नडगी दोन ठिकाणी मोडली. नील पुन्हा खेळला नाही. वर्तमानपत्रांनी कॉलिनला खाटीक म्हटलं, आणि पुढच्या शनिवारी आमच्याच प्रेक्षकांनी खाटकाचे पट्टेरी एप्रन घालून त्याच्या नावाचा गजर केला. तो मात्र वर्षभर दर सोमवारी मालिशच्या टेबलावर पालथा पडून विचारायचा, “त्या पोराचं काही कळलं?” मी कळलेलं सांगायची. त्यानं स्वतः नीलला कधी पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही.

खेळणं सुटल्यावर सिनेमावाल्यांनी त्याला उचललं. सतरा सिनेमे झाले. दार तोडून आत यायचं, एकाला भिंतीवर आपटायचं, विसाव्या मिनिटाला मरायचं. बोलायचं काहीच नाही. हा अठरावा. यात तो अकरा वर्षांनी मुलीच्या घरी आलेला बाप होता. मुलगी, म्हणजे टॅमसिन, खोलीच्या मधल्या ओट्यावरच्या सिंकशी खिडकीकडे तोंड करून भांडी घासत असते. बाप शेजारी उभा राहून दोन वाक्यं म्हणतो: “माझं चुकलं, जोसी. मी तेव्हाच यायला हवं होतं.”

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ईमोजेन मला अंगणात घेऊन गेली. “मिसेस पेनफोल्ड, त्यांना पायाचा त्रास होतोय का?”

“नाही. सांधा उत्तम आहे.”

“मग काय होतंय? घर आजच्याच दिवसापुरतं आहे आणि चारला उजेड जातो. तीनपर्यंत जमलं नाही तर मी वाक्यं काढून टाकणार. ते दारात उभे राहतील, मुलगी रडेल, संपलं.”

मागे खाण्याच्या व्हॅनजवळ कॉलिन चहाचे दोन पेले घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

आम्ही व्हॅनशेजारच्या टेबलावर बसलो. त्यानं बेकनचा पाव मागवला होता, पण तो तसाच पडला होता. मी सवयीनं त्याचं मनगट धरून नाडी मोजली.

“काय गं प्रोफेसर, आहे का जिवंत?” मी शरीरशास्त्राची पदवीधर म्हणून क्लबात मला हेच नाव होतं.

“एकशे अठरा.”

“म्हणजे किती वाईट?”

“कपच्या उपांत्य सामन्याआधी, बाहेर चाळीस हजार माणसं ओरडत असताना, तुझी नाडी चौपन्न होती. मला वाटलं घड्याळ बंद पडलं.”

तो पावाकडे बघत राहिला. “तिथं कुणी मला बोलायला नव्हतं सांगितलं. आणि हे असलं… मी कुणाला कधी म्हटलंच नाही गं हे. तोंडात बसत नाही.”

“वाक्यं तू सातही वेळा बरोबर म्हटलीस. मी ऐकत होते.”

“मग ती बया का चिडलीये?”

मी शूटिंगच्या वेळापत्रकाची मागची बाजू त्याच्यापुढे ठेवली. दारात बसून दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी दर टेकला तो कुठून निघाला आणि कुठे थांबला याच्या खुणा केल्या होत्या. निघण्याच्या जागा निरनिराळ्या होत्या. टॅमसिनही कधी सिंकपाशी होती, कधी फडताळापाशी. पण थांबण्याची जागा पाहिली, की सातही वेळा तो टॅमसिन आणि खिडकी यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर होता. फार तर वीतभर इकडेतिकडे. इतकी नेमकी चूक माणूस निष्काळजीपणानं करत नाही.

“मला एक सांग,” मी म्हटलं, “चेंडू लांब असताना तू कुठे उभा राहायचास?”

“हे काय विचारणं झालं? अडवायचा तो माणूस आणि आपला गोल, यांच्या मध्ये. दहा वर्षांच्या पोराला कळतं.”

“आणि हात?”

“रेफरी बघत नसेल तर त्याच्या शर्टावर.”

 मी सॉसची बाटली उचलून टेबलाच्या कडेला ठेवली. मिठाची डबी मध्ये. मिऱ्याची डबी त्याच्या हातात दिली. फुटबॉलवाल्यांना कुठलीही गोष्ट अशीच समजते. आमच्या मॅनेजरनं एका खेळाडूला क्लब सोडायला सांगितलं तेही मिठाची डबी टेबलावरून खाली ठेवून.

“हा कॅमेरा. ही टॅमसिन. हा तू.”

कॉलिननं विचार न करता मिरी मीठ आणि बाटली यांच्या मध्ये ठेवली. मग ठेवलेल्या हाताकडे पाहिलं.

“आयला,” तो हळूच म्हणाला.

“कॅमेरा हा तुझा गोल नाही, कॉलिन. त्यांचा आहे. तुझा गोल मागे, शेगडीकडे.”

त्यानं मिरी उचलून मिठाच्या पलीकडे ठेवली. एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा मिऱ्याकडे. मग पाव उचलला आणि तीन घासांत संपवला.

दोन चाळीसला आठवा टेक सुरू झाला. कॉलिन आत आला, टॅमसिनच्या मागून गेला आणि हातभरावरच्या शेगडीला पाठ लावून थांबला. टॅमसिन गोंधळली. तो शेजारी येणार म्हणून तिनं मान वळवायला घेतली होती. तो तिथं नव्हता. तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले आणि ती समोर, खिडकीकडे बघत राहिली.

“माझं चुकलं, जोसी,” कॉलिन तिच्या पाठीला म्हणाला.  “मी तेव्हाच यायला हवं होतं.”

“कट,” म्हणत ईमोजेन खिडकीपाशी आली.  “हे कुणी सांगितलं तुम्हाला? तिच्या मागे उभं राहायचं?”

“आमच्या मॅनेजरनं,” कॉलिन माझ्याकडे बघून म्हणाला. “मिठाच्या डबीवर दाखवलं.”

नवव्या टेकची गरज लागली नाही.

सिनेमा पुढच्या फेब्रुवारीत आला. आम्ही मंगळवारी दुपारच्या खेळाला गेलो. सगळे मिळून अकरा प्रेक्षक असतील. कॉलिननं कोट काढला नव्हता. स्वयंपाकघर आलं तेव्हा त्यानं खुर्चीचा हात धरला.

पडदाभर टॅमसिनचा चेहरा होता. नाकाला साबणाचा फेस लागलेला, डोळे खिडकीबाहेर. तिच्या खांद्यामागे काहीतरी मोठं, धूसर उभं होतं. शेगडीही असू शकेल, माणूसही. त्याच्यातून आवाज आला. टॅमसिनच्या चेहऱ्यावर एकेक शब्द पोचताना दिसत होता.

पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, “आवाज ओळखीचा वाटतो, टीव्हीवर मुलाखतीत ऐकलेला. तो पाय मोडणारा नव्हे ना?”

“छे, तो कसला असं बोलतोय.”

कॉलिन माझ्या कानाशी वाकला. “मी कुठाय गं?”

“तिच्या मागे.”

“तोंड नाही दिसत.”

“नाही.”

तो पडद्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, त्याला वाईट वाटलं असणार. अठराव्या सिनेमात पहिल्यांदा बोलला आणि नेमका तिथेच दिसला नाही. 

“पण बघ ना,” तो म्हणाला, “किती मोकळी आहे ती.”

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. शूटिंगच्या दिवशी दारातून मला जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, टॅमसिनच्या स्वेटरपासून जेमतेम वीतभर मागे, त्याचा डावा हात आला होता. बोटं वळलेली होती. ती स्वेटरला लागली नाहीत. तिथेच थांबली, आणि एकेक करून उघडली.