मावेल तेवढं नाव

"सर, तुम्हालाच येत नाही का?"

दर्शनाने भर संगणक कक्षात विचारलं. मागे क्षिप्रा आणि सान्वी एकमेकींच्या आड दडल्या. डबा खाताना 'हिंमत असेल तर विचारून दाखव' असं त्या दोघींनीच तिला चढवलं होतं. गेल्या महिन्यात वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून 'हिंमत' हा शब्द दर्शनाला पुरेसा होता.

श्रीपाद सर वळले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

"नाही येत," असं म्हणून ते खुर्चीवरून उठले. "बस. तू बघ."

आली का आता पंचाईत! पण नववी 'ब'ची ढाल घेतलेली मुलगी मागे कशी सरणार? ती बसली.

शाळेच्या वार्षिक अंकाचे एकोणीस लेख सुमतीबाईंनी शिक्षकांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवले होते. कक्षातून उघडायला गेलं तर आठ उघडत होते, अकरा नाही. फाइल डोळ्यांसमोर दिसायची आणि कॉम्प्युटर म्हणायचा, सापडत नाही.

"माझ्याकडे तर सगळे उघडतायत," बाई दारातून तिसऱ्यांदा म्हणाल्या. या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. हा त्यांचा शेवटचा अंक. चार वाजता छापखान्याचा माणूस येणार होता. जे उघडणार नाहीत त्यांच्या जागी गेल्या वर्षीची चित्रं टाका, असं मोठ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं.

त्या अकरांत दर्शनाचाही लेख होता. तिची आई लग्नाआधी कळव्याच्या बाजूला मिठागरावर जायची. टाचांच्या भेगांत मीठ कसं शिरायचं, ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कोळंबी सोलता सोलता लेकीला सांगितलं आणि वर म्हणाली, "कोन वाचनार गो ह्ये?" तेव्हा दर्शनाने ठणकावलं होतं, "आख्खी शाळा!"

तिने पुन्हा यादी पाहिली. खालून वर, वरून खाली. साकेतची 'चिमणी' उघडत होती. अमृताचं 'कोडं' उघडत होतं. न उघडणाऱ्या फाइलींची नावं मात्र पडद्याबाहेर पळत होती. सुमतीबाईंची पद्धतच तशी. मुलाचं अर्धं नाव त्यांना चालायचं नाही. लेखाचं नाव, मग मुलाचं, आईचं, वडिलांचं, आडनाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक. त्यात फोल्डरच्या नावात देणगीदारांची तीन पिढ्यांची नावं, आदरार्थी बिरुदांसकट.

"सर, हे नाव जरा कमी करून बघू?"

"बघ की."

तिने आपल्या फाइलच्या नावाच्या शेवटी कर्सर ठेवला आणि मागून एकेक खोडत निघाली. हजेरी क्रमांक गेला. नाही उघडली. तुकडी, इयत्ता. नाही. पाटील. नाही. मग बाबांचं काळुराम.

उघडली.

"आयला!" सान्वी ओरडली आणि बाईंना पाहून तिने जीभ चावली.

सर खाली वाकले. "बाईंच्या कॉम्प्युटरवरून फाइलपर्यंतचा रस्ता छोटा. इथून त्यात फोल्डरचा अख्खा पत्ता धरला जातो. ठरलेली लांबी संपली की हा कॉम्प्युटर हात वर करतो." ते हसले. "हे मला यायला हवं होतं."

पण फाइलच्या नावात जे असेल तेच लेखाखाली छापायचं, ही सरांची पद्धत. वेगळी यादी नको, चुका नकोत. मग सर म्हणाले, आपापलं नाव आपणच आखूड करा. क्षिप्राने एका झटक्यात आईचं नाव उडवलं. "मम्मी कुठे अंक वाचते!" बाकीच्यांनीही तेच केलं. सुमतीबाई चौकटीला टेकून पाहत राहिल्या.

"दर्शना, तुझं आडनाव राहिलं," सर म्हणाले. "आईचं मंजुळा काढलंस तर पाटील मावेल."

तिचं बोट खोडायच्या कळीवर होतं. पडद्यावर टाचा होत्या, मीठ होतं.

"राहू दे सर."

दाराशी बाईंनी पदराने चष्मा पुसला.

संध्याकाळी बाळकुमला ती घरात शिरली तेव्हा आई ओट्याशी उभी होती आणि बाबा सोफ्यावर पाय पसरून चहा पीत होते. खाली गेटवर त्यांचं नाव होतं, नाक्यावरच्या बॅनरवर फोटोसकट होतं.

"गेला का गो लेख छापायला?" बाबांनी विचारलं. "नाव नीट घातलंस ना?"

दर्शनाने दप्तर खाली ठेवलं.

"नीट घातलंय. दर्शना मंजुळा. एवढंच."

चहाचा कप थांबला. ओट्याशी आई मागे वळली.

"आईचं नाव काढलं असतं तर पाटील मावत होतं, बाबा. मी घातलं नाही. आणि पुढच्या अंकातही घालणार नाहीये."