तक्रार मिटवणारा फोन

आमचे साहेब टेलिफोन कंपनीच्या तक्रार कक्षाचे प्रमुख. तारेला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही, पण नेट चालत नसेल तर दोष ग्राहकाचाच आहे हे ग्राहकाला पटवून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे आमच्याच घरचं नेट दिवसातून सात-आठ वेळा जायला लागलं, तेव्हा मी ते त्यांना सांगितलं, ही माझी पहिली चूक.

"राउटर बंद करून चालू केलास?"

"केला."

"मध्ये तीस सेकंद थांबलीस?"

"अहो, चहा पिऊन आले मध्ये."

"मग तूच एका वेळी भारंभार काहीतरी उघडत असशील."

नवरा म्हणून ऐकून घेतलं.

मला गरज होती म्हणून मी हात धुऊन मागे लागले होते. मुलगी झाली तेव्हा मी मुद्रितं तपासायची नोकरी सोडली. "दोन वर्षांनी पुन्हा लाग की," साहेब म्हणाले होते. त्या दोनाची आठ झाली. आता एका प्रकाशनसंस्थेत घरून करायच्या कामाची जागा निघाली होती. मंगळवारी अकरा वाजता परीक्षा. ते स्क्रीनवर शाळेच्या पुस्तकाचं पान टाकणार आणि मी त्यातल्या चुका तिथल्या तिथे सांगायच्या. मोबाईलला आमच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढली तरच रेंज येते, म्हणजे सगळी भिस्त नेटवर.

नऊ दिवस मी वहीत वेळा टिपून ठेवल्या. घरचा फोन वाजला की नेट गेलंच, एकदाही चुकलं नाही. वही साहेबांपुढे धरली तर ते हसायला लागले. "फोनचा आणि नेटचा काय संबंध?"

मी रीतसर तक्रार नोंदवली होतीच. लाइनमन आला, भिंतीकडे मिनिटभर बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, फोन आणि राउटर एकाच तारेवर आहेत. फोनच्या अलीकडे एक छोटी पांढरी डबी असते, ती दोघांना वेगळं ठेवते. ती कुठंय?"

ती साहेबांनी हॉलला रंग दिला तेव्हा काढून टाकली होती. भिंतीवर शोभत नव्हती म्हणे.

"डबी सध्या स्टॉकला नाही. मागवतो. तोवर फोन काढून ठेवा, नेटला काही होणार नाही."

माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. संध्याकाळी साहेबांनी ते परत चढवलं.

"फोन काढायचा नाही! तक्रार उघडी आहे. घरच्या फोनवर ग्राहकाचा होकार आल्याशिवाय ती मिटत नाही. दहा दिवस झाले की ऑफिसच्या फलकावर लाल होते. प्रमुखाच्याच घरची तक्रार लाल? मी तोंड कुठे लपवू?"

"आणि माझी परीक्षा?"

"अगं, नेमका तेव्हाच कोण फोन करतंय!"

मंगळवार नेमका दहावा दिवस होता.

अकराला स्क्रीनवर चष्मेवाल्या बाई आल्या, पान आलं. माझी गाडी झकास सुटली. नदीची लांबी नकाशात एक आणि मजकुरात दुसरी, राजाचं निधन जन्माच्या आधी. चौदाव्या ओळीवर फोन वाजला आणि बाईंचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला.

"आपली तक्रार दूर झाली आहे. समाधानी असल्यास एक दाबा, नसल्यास दोन."

मी दोन दाबलं.

"धन्यवाद. आम्ही पुन्हा संपर्क करू."

नेट यायला चार मिनिटं लागली. मी माफी मागितली, पुढच्या तीन ओळी घेतल्या आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी तक्रार कक्षातली मुलगी बोलत होती.

"मॅडम, तुम्ही दोन दाबलंत. नेट चालू नाही का?"

"तुमचा फोन येईपर्यंत चालू होतं!"

"म्हणजे आत्ता बंद आहे?"

"हो!"

"मग तक्रार उघडी ठेवते. आता सर स्वतः फोन करतील."

सर म्हणजे आमचेच. मी फोनची तार भिंतीतून खेचली ती इतक्या जोरात, की फोन सोफ्याखाली गेला. ती चार मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर बसून काढली. रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता.

"आता गेलं तर पुढच्या उमेदवाराला घेऊ," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

गेलं नाही. त्यांनी पानात अठ्ठावीस चुका पेरल्या होत्या. मी एकतीस काढल्या. वरच्या तीन त्यांच्याच नजरेतून सुटलेल्या निघाल्या. बाई हसल्या आणि सोमवारपासून काम सुरू करा म्हणाल्या.

संध्याकाळी साहेब तणतणतच आत आले. "सहा वेळा फोन केला मी! कुठे होतीस? तक्रार लाल झाली. सगळा कक्ष बघत होता!"

"मला नोकरी लागली."

"बरं झालं." ते गुडघ्यांवर बसून सोफ्याखालून फोन ओढत होते. "आधी हा लाव. सकाळी नऊला विचारायला फोन येईल. एक दाब आणि मिटव."

"आठ वर्षं मी घरात कुढत होते. एकदा तरी विचारलंत, कशी आहेस म्हणून? आणि एका तक्रारीसाठी सहा फोन?"

साहेब फोन मांडीवर घेऊन तसेच जमिनीवर बसले. मी त्यांच्या हातातली तार घेतली, नीट गुंडाळली आणि कपाटात ठेवून किल्ली लावली.

"उद्या त्या फलकाखाली उभे राहा," मी म्हटलं, "आणि सांगा सगळ्यांना, बाई समाधानी नाही."