एक मूठ पाला

छपरावर मुलूखिया या पालेभाजीच्या पाल्याच्या तीन चटया वाळत होत्या. खाली अंगणात चोळून चाळलेल्या पाल्याची दोन पोती, एक चाळण, आणि पाला चोळायला बसलेल्या चार बायका. इन्शिराहच्या ओढणीच्या गाठीत रक्त पातळ ठेवणाऱ्या अठरा गोळ्या. घरात ठेवल्या की तिची सासू नबविया त्या शेजारणींना "उंदराचं औषध" म्हणून दाखवायची, म्हणून त्या अंगावरच असत.

बाळंतपणानंतर इन्शिराहच्या मांडीत रक्ताची गाठ झाली होती. तिचा तुकडा फुफ्फुसात गेला, आणि अकरा दिवस ती शहरातल्या दवाखान्यात पडून होती. तेव्हापासून गोळ्या आणि रक्ततपासणी. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर रक्त पुन्हा गोठेल, फार वर गेला तर वाहायचं थांबणार नाही. हिरव्या पाल्यानं आकडा पडतो, असं तिनं दवाखान्यात ऐकलं होतं. तिनं मुलूखिया सोडला.

"सारा गाव खातोय," नबविया चोळता चोळता म्हणाली. "हिलाच तेवढा सोसंना. नाकापरीस मोती जड."

"सोसत नाही असं नाही, अम्मा. आकडा पडतो."

"आकडा म्हनं. अगं, दीड महिना झाला, रोज खातीयास की. तुझ्या वाटणीच्या वड्यांच्या पिठात रोज एक मूठ टाकतीया मी. कोथिंबिरीत कळतंय व्हय? मेलीस का?"

बायकांचे हात थांबले. एक जण पदराआड हसली.

इन्शिराहच्या डोक्यात मात्र दीड महिन्याचे तपासणीचे कागद उलगडले. आकडा दीडवर घसरला होता आणि कारण सापडत नव्हतं. नर्स औदानं दोनदा गोळी वाढवली, तेव्हा कुठं तो अडीचवर आला.

"मला विचारलं का नाही?"

"माझ्या चुलीवर तुला इचारू? बरं, आजपासनं बंद. चिमूटभर मागितलास तरी मिळायचा न्हाई."

इन्शिराहला वाटलं, जिंकले. दारापर्यंत पोचेतो तसंच वाटत होतं. उंबऱ्यावर तिच्या ध्यानात आलं. वाढलेली गोळी त्या मुठीच्या हिशेबानं होती. मूठ काढून घेतली तर गोळी तेवढीच राहील, आणि आकडा चढत जाईल.

म्हशीच्या गोठ्यामागून तिनं औदाला फोन लावून सगळं सांगितलं.

"मनानं गोळी कमी करू नकोस," औदा म्हणाली. "पालाही एकदम तोडू नकोस. पाला खाऊ नये असं नाही गं, रोज सारखा खावा, एवढंच. होता तेवढाच चालू ठेव आणि गुरुवारी रक्त द्यायला ये. हिरड्यांतून नाहीतर लघवीतून रक्त दिसलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही."

"तेवढाच म्हणजे केवढा?"

"ते टाकणारीला विचार."

ती मूठ केवढी, हे साऱ्या गावात एकट्या नबवियाला ठाऊक होतं.

इन्शिराह चहाचा पेला आणि सुरम्याची काडी घेऊन अंगणात आली. "अम्मा, पाला चालू ठेवा. रोज टाकत होता तेवढा."

"काय म्हनलीस? ह्यांना ऐकू न्हाई आलं."

"तुमच्या हातचा पाला मला हवा आहे," ती चौघींकडे बघत म्हणाली. "आता ऐकू आलं सगळ्यांना?"

"सुंभ जळला तरी पीळ हायेच," नबविया म्हणाली आणि पोत्यात हात घातला.

"रागाची मूठ नको. रोजची."

"माझी मूठ मोजतीयास?"

"तुमच्या मुठीवर जगायचं आहे, तर मोजायला नको?"

नबवियानं तिच्याकडं रोखून पाहिलं. मग बोटं किंचित सैल सोडली. थोडा पाला पोत्यात परत गळला, उरलेला पेल्यात पडला. इन्शिराहनं पेला हलवून पाला सपाट केला आणि त्या उंचीवर सुरम्याची रेघ ओढली.

"उद्यापास्नं माझ्या हातानं घेईन," ती म्हणाली.

"घे. चूल माझीच हाय."

पेला रोज रेघेपर्यंत भरला गेला.

गुरुवारी आकडा आला, २.६. पुढच्या गुरुवारी, २.५.