वॉल्टरच्या होडीची डावी खिडकी

“वॉल्टर होडी विकता, आणि सॅविओ तर…”

शेजारच्या सुगंधाबाई कुंपणापलीकडे आपल्या सुनेला सांगत होत्या. तेवढ्यात रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली आणि उरलेली खबर त्या आवाजात बुडाली. मला मात्र चैन पडेना. त्या होडीच्या केबिनची डावीकडची खिडकी ती मी. आणि खिडकी म्हटली की दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायची खोड असायचीच.

लोक मला काच म्हणतात. मी काच नाही, ॲक्रेलिकची आहे, प्लास्टिकचीच जात. गोव्यात मला कापलं, घासलं आणि या फायबरच्या होडीत बसवलं. बसवणारा मिस्त्री शांत माणूस. त्याने स्क्रूची भोकं जरा सैल पाडली, चौकटीत मऊ सिलिकॉन भरलं आणि स्क्रू हाताने हलकेच आवळले. ही उन्हात फुगते, थंडीत आखडते, हिला हलायला जागा ठेवा, असं त्याने वॉल्टरला बजावलं. वॉल्टरने मान डोलावली. त्याचं लक्ष नव्या इंजिनाकडे होतं.

होडी घेतली ती सॅविओसाठी. वॉल्टरचा हा एकुलता एक मुलगा सहा वर्षं परदेशी जहाजावर स्वयंपाक करत होता. आई, इझाबेल, गेली तेव्हा तो इतक्या लांब होता की तिला माती द्यायलाही पोचला नाही. त्यानंतर आला तो राहायलाच आला. “पप्पा, आता मी खंय जावचंय नाय,” असं तो माझ्याजवळ बसून बापाला म्हणाला होता. त्या दिवशी वॉल्टरने माझ्यावरचं खारं पाणी दोनदा पुसलं.

चार वर्षं बरी गेली. देवबागच्या खाडीत पर्यटक यायचे, माझ्यावर नाकं टेकवायचे. डॉल्फिन अगदी समोर आला तरी बघायचे मोबाइलमध्येच.

मग माझ्या खालच्या कडेने एक थेंब आत उतरला. सिलिकॉनलाही म्हातारपण येतं. थेंब नेमका खालच्या स्विचबोर्डवर पडायचा. मे महिन्यात अकरा माणसं बसलेली असताना खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्या होडीने आम्हाला ओढत आणलं. हंगामाआधीच्या तपासणीत होडी कोरडी दिसली नाही तर परवाना मिळणार नव्हता. इकडे जहाजाच्या कंपनीचं सॅविओला बोलावणं आलेलं. सप्टेंबर संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं.

“परवानो गावलो तर तेंका नाय म्हणान कळयतंय,” तो म्हणाला. बापलेकांचं सगळं त्या एका थेंबावर येऊन थांबलं होतं.

पावसाळ्यात होडी घराशेजारी निळ्या ताडपत्रीखाली होती. भाई, वॉल्टरचा जुना दोस्त, होड्यांची इंजिनं बघायचा. त्याने पाण्याखालच्या पंख्याचा ब्रॅकेट फटी बुजवायच्या एका चिवट, पांढऱ्या सीलंटने पक्का बसवला. सीलंटची अर्धी नळी उरली.

“उघडलेली नळी आठ दिवसांत दगड होता,” भाई म्हणाला. “खिडकेक लाव. पाण्याखाली धरता तो वर धरूचो नाय?”

सॅविओने नळी डोळ्यांजवळ धरली. “पप्पा, हेच्यार लिवलला आसा, प्लास्टिकाक लावू नये.”

“लिवणाऱ्यान कधी होडी चलयल्यान?”

“साधो सिलिकॉन मालवणात गावता. जावन हाडतंय.”

“आणि ह्यो चांगलो माल उकिरड्यार घालू? तुझ्या आयेन माका घरात घेतल्यान नसता.”

सॅविओ हसला. इझाबेल गेल्यापासून वॉल्टरने तिचं नाव असं थट्टेत कधी काढलं नव्हतं. त्या हसण्यातच पोराचं बोलणं राहून गेलं आणि नळी बापाच्या हातात गेली.

वॉल्टरने मला थिनरने पुसलं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. इतक्या मायेने मला कुणी पुसलं नव्हतं, आणि अंगाची इतकी आगही कधी झाली नव्हती. मग त्याने मला आणि केबिनच्या बाकी तीन खिडक्यांना सीलंट भरलं आणि स्क्रू असे आवळले की सगळा माल कडेने बाहेर आला. “आता येवंदे पाणी,” तो म्हणाला.

पंधरा दिवसांत माझ्या भोकांपासून केसासारख्या चिरा फुटल्या. माझ्या तिन्ही बहिणींचंही तेच. सॅविओने त्या वॉल्टरच्या आधी पाहिल्या. एका चिरेवरून बोट फिरवलं आणि ताडपत्री खाली ओढली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वर केली. अंगठ्याने मला दाबलं. मी करकरले.

“खिडक्या बदला, मग बोलवा,” ते म्हणाले. चूक त्यांची नव्हती.

मला काढायला सॅविओ कटर घेऊन बसला. मी सुटेना. तो चिवट माल मला सोडेना आणि होडीलाही सोडेना. एका कोपऱ्यात जोर लावला तर माझ्याबरोबर केबिनचं फायबरच सोलून आलं. मिस्त्री म्हणाला, केबिनच्या दोन्ही बाजू नव्याने कराव्या लागतील, दिवाळीनंतर बघू.

वॉल्टर फळीवर बसला. “मी चुकलंय रे.”

“नाय, पप्पा. मी वाचललंय. तरी नळी तुझ्या हातात दिलंय.”

सॅविओ जहाजावर परत गेला. तेवढी खबर खरी ठरली. सुगंधाबाईंना त्याचा आनंद झाला नाही. संध्याकाळी वॉल्टरच्या दारात माशाची आमटी झाकून ठेवून त्या परत गेल्या.

आता माझ्यातून धड काही दिसत नाही. समोरची खाडी तुकड्यातुकड्यांची. ज्यांच्या होड्यांना माझ्यासारख्या खिडक्या असतील त्यांना हात जोडून सांगते, आम्हाला मऊ सीलंटमध्ये बसवा, स्क्रू हलक्या हाताने लावा. आणि घरातलं कुणी नळीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवत असेल तर त्याला थट्टेवारी नेऊ नका. माझं जे व्हायचं ते झालं.

काल परतीचा पाऊस पडत होता. वॉल्टर केबिनमध्ये येऊन बसला होता. सॅविओचा व्हिडिओ कॉल आला.

“पप्पा, होडी विकलंस मां? सुगंधाबाय म्हणा होती.”

“नाय रे. आसा. तिच्यातच बसलंय.”

“पाणी येता?”

“नाय. सुकी आसा.”

माझ्या सोललेल्या कोपऱ्यातून पाणी थेट वॉल्टरच्या खांद्यावर गळत होतं. मोबाइलमध्ये दिसेल म्हणून त्याने खांदासुद्धा हलवला नाही.