रेषेखालचं गाव

धनराज पडद्यावर लाल रेषा ओढत होता, तेव्हा डासांच्या फवारणीचा मुकादम पत्रू चपलांसकट आत शिरला. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कुणी येत नसे.

"भाऊ, बंद कर ते."

"साहेबाले आलेख पायजे उद्या."

"चिचगाववरून फोन होता. गिरजावहिनी गेली."

धनराजने माऊस सोडला नाही. रेषा अर्धीच राहिली.

त्याची बायको गिरजा धानाच्या रोवणीसाठी माहेरी, चिचगावला गेली होती. आईच्या बांधीत, त्या भातखाचरात, रोपांची पहिली जुडी दरवर्षी तीच लावायची. तिथेच ताप आला, तिथेच आरोग्यसेवकाने रक्त घेतलं, आणि मलेरिया मेंदूत गेला.

तेरवीच्या दिवशी सासू, शकुबाई, त्याच्याजवळ येऊन बसली. तिच्या मांडीवर मुलाकडचा नातू होता.

"जवाईबापू, फवाऱ्यावाले येतीन ना आता चिचगावात? तुमच्याच हापिसात ठरते म्हणतेत."

धनराजने मान हलवली. होय की नाही, ते तिला कळलं नसावं.

तो आरोग्य कार्यालयात परतला तेव्हा काम तसंच पडून होतं. पिव्होट करणं, म्हणजे यादीतून गाववार मोजणी काढणं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. साहेबांनी त्याला पाणी दिलं, मग म्हणाले,

"सावकाश करा. पण एकूण बेरीज वर दिसू द्या, मागच्या वेळी राहिली होती. आणि लाल रेषा. औषध कमी आलंय. रेषेला टेकलेल्या गावांनाच यंदा फवारणी."

रुग्णांच्या यादीतून कॉम्प्युटर गावागावाचे खांब आपोआप उभे करी. बेरीज आणि रेषा मात्र धनराजला बसवावी लागे. त्याने बेरीज मथळ्यात जोडली, रेषा पूर्ण केली. चिचगावचा खांब रेषेला टेकला. त्याचं स्वतःचं गाव, मोहटोला, एका रुग्णाने खाली राहिलं.

पत्रू मागे उभा राहून पाहत होता.

"वहिनीचं गाव चिचगाव काऊन टाकलं? रेशनकार्ड तं मोहटोल्याचं हाय. बदलव ना."

धनराजने बदललं. मोहटोल्याचा खांब रेषेला लागला, चिचगावचा खाली आला.

"हं. तुही पोरगी रुपाली त्याच घरात झोपते. झालं काम."

"तिकडे शकुबाई हाय. लेकरं हायेत."

"मंग रेष खाली घे थोडीशी."

"रेष वरून ठरून येते, पत्रू."

"मंग दोन्ही गावात टाक तिले."

"माणूस एकच होती ना."

पत्रू बाहेर गेला. त्याने पंप धुवायला घेतले.

धनराजने पुन्हा चिचगाव लिहिलं. मग मोहटोला. मग ते खोडलं आणि रकाना रिकामाच ठेवून आलेख ताजा केला. आता दोन्ही गावं रेषेच्या खाली होती. अगदी शेवटी एक नवा ठेंगणा खांब उभा राहिला. त्याच्याखाली गावाच्या जागी 'ब्लँक' असं आलं होतं.

"झालं का हो?" साहेबांनी आतून विचारलं.

"एक राह्यलं, साहेब."

मथळ्यातली बेरीज बरोबर होती. गिरजाचं गाव भरायचं राहिलं होतं.